राखणीचा डोह आणि जमारिस मामांचा भोंगा

आमच्या गावात कुणी वारलं, बकरी हरवली किंवा वीज जाणार असली, की आधी सुराऊच्या, म्हणजे आमच्या छोट्या मशिदीच्या, भोंग्यातून "फू, फू" असा आवाज यायचा. मग घसा खाकरल्याचा. मग प्रश्न यायचा, "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?" भोंग्याला उत्तर द्यायची सोय नसते. पण चहाच्या टपरीवरून जुस्मा मावशी दर वेळी कमरेवर हात ठेवून ओरडायची, "नाही येत! जोरात बोल!" आणि जमारिस मामा खरंच जोरात बोलायचे. पलीकडच्या डोंगरावरच्या माकडांनासुद्धा कुणाची बकरी हरवलीय ते कळायचं.

जमारिस मामा म्हणजे माझ्या आईचे, रोस्निदारचे, धाकटे भाऊ. मुलांना रागवणं, त्यांची लग्नं ठरवणं, त्यांना अक्कल शिकवणं ही कामं आमच्याकडं बापाची नाहीत, मामाची. माझ्या बाबांनी मला जन्मात एकदाच थोबाडीत मारली, तीही मामांना विचारून.

अठराव्या वर्षी गावातल्या सगळ्या पोरांसारखे मामाही जकार्ताला गेले. तिथं भाताच्या खाणावळीत एका हातावर चौदा बशांची उतरंड घेऊन फिरायला शिकले. ही कला त्यांना पुढं आयुष्यात कुठंच उपयोगी पडली नाही, पण कुठल्याही लग्नात ती दाखवल्याशिवाय ते जेवायचे नाहीत. तीन वर्षांत परत आले. शहर सोडून येणाऱ्याला आमच्याकडं फारसा मान नसतो, त्यामुळं टपरीवर चौकशी झाली.

"काय रे, मालकानं हाकललं?"

"नाही. झोप लागत नव्हती."

"का? डास?"

"नदीचा आवाज येत नाही तिथं," मामा म्हणाले. जुस्मा मावशीनं ही गोष्ट पुढची वीस वर्षं पुरवून पुरवून वापरली.

त्यांचं लग्न झालं. बायको चांगली होती आणि लवकर गेली. मूल नव्हतं. चाळीस दिवस झाल्यावर मामांनी आपलं गाठोडं उचललं, कारण आमच्याकडं घर बायकांचं असतं, आणि ते घर आता बायकोच्या बहिणींचं. माझ्या आईच्या घरी यावं, तर वयात आलेल्या पुरुषानं बहिणीच्या घरात निजायचं नसतं. असा माणूस सुराऊत झोपतो. नमाजाच्या खोलीमागं एक लाकडी पडवी होती, तिथं मामांनी चटई टाकली. मोकळा माणूस दिसला की गावाच्या हाताला खाज सुटते. पडवीच्या भिंतीलाच भोंग्याचं यंत्र होतं, म्हणून भोंगा त्यांच्याकडं आला. आणि सुराऊच्या खाली चाळीस पायऱ्या उतरल्या की राखणीचा डोह होता, म्हणून डोहही आला.

वाकड्या झाडापासून उताराच्या दगडांपर्यंतचं नदीचं पात्र म्हणजे आमचा राखणीचा डोह. तिथले मासे धरायचे नाहीत. वर्षातून एकदा, ईदनंतर, गाव डोह उघडतं, सगळे मिळून जाळी टाकतात आणि आलेल्या पैशातून सुराऊचं छप्पर किंवा पायवाट दुरुस्त होते. मग इमाम दुआ म्हणतात, सगळं गाव शपथ घेतं आणि डोह पुन्हा बंद. शपथ मोडून मासा खाल्ला तर पोट फुगतं. एकदा तालुक्याहून आलेल्या एका शिपायानं गुपचूप एक मासा नेला म्हणे, आणि महिन्याभरात त्याचं पोट असं वाढलं की पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. त्याच महिन्यात त्यानं गावातली पाच लग्नं जेवली होती, हे कुणी मोजत नाही.

मामा सकाळ-संध्याकाळ खाली जाऊन माशांना भात टाकायचे. गारिंग मासे, हातभर लांब, पाठीवर जुन्या पितळेचा रंग. ते मामांच्या बोटांना ढुशा द्यायचे. त्यातला सर्वांत मोठा सगळ्यांच्या शेवटी यायचा, आणि तो आला की बाकीचे बाजूला व्हायचे. मामांनी त्याचं नाव दातूक ठेवलं. दातूक ही आमच्या कुळाच्या प्रमुखाची पदवी. खऱ्या दातूकांच्या कानावर ते गेलंच.

"जमारिस, माझी पदवी माशाला?"

"मानावरून ठेवलं हो. पोटावरून नाही."

दातूकांनी आपल्या पोटाकडं पाहिलं आणि विषय बंद केला. अकरा वर्षं मामांनी डोह राखला. उघडायच्या दिवशी ते सगळ्यांना मासे धरू द्यायचे, फक्त दातूकला नाही. आणि त्या अकरा वर्षांत त्यांनी स्वतः त्या डोहातला एकही मासा खाल्ला नाही. माझी आई म्हणायची, "पोरंबाळं नाहीत त्याला. असू देत."

माझी हकीकत थोडक्यात: मी तालुक्याला शिकलो आणि गावच्या शाळेत कंत्राटी मास्तर झालो. शास्त्र शिकवतो म्हणून अंगणातला पाऊस मोजायचा पत्र्याचा डबाही माझ्या गळ्यात पडला. रोज सकाळी सातला त्यातलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, आकडा वहीत लिहायचा आणि फोनवरून वरच्या कार्यालयाला पाठवायचा. तिकडून रोज एक अंगठा यायचा. शून्य कळवलं तरी अंगठा, पन्नास कळवलं तरी अंगठा.

त्या नोव्हेंबरात पश्चिमेचा वारा समुद्रावरून ओलं घोंगडं ओढत आणल्यासारखा येत होता. आमच्या मागं बारिसान डोंगरांची रांग आहे. ढग तिथं येऊन अडायचे, मागून आणखी ढग यायचे आणि अरुंद बोळात म्हशी अडकाव्यात तसं सगळं आमच्याच डोक्यावर खोळंबून राहायचं. पहिल्या दिवशी अठ्ठेचाळीस मिलिमीटर. दुसऱ्या दिवशी एकाहत्तर. मग शहाण्णव. मग ऐंशी. जमिनीनं प्यायचं तेवढं पिऊन झालं होतं. डोंगरावर इथं-तिथं लाल ओरखडे उमटायला लागले होते.

पाचव्या दिवशी, गुरुवारी, काचेचं माप मी आठ वेळा काठोकाठ भरून ओतलं आणि नवव्यांदा अर्ध्याच्या वर भरलं. दोनशे चौदा. आमच्याकडं इतका पाऊस मोजल्याची नोंद वहीत मागं कुठंच नव्हती. मला काय वाटलं ते खरं सांगतो. मला गंमत वाटली. पैज जिंकल्यासारखी. मी आकडा सुवाच्य अक्षरात लिहिला, खाली पट्टी धरून रेघ मारली आणि पाठवला. अंगठा आला.

शाळेत पोरं आलीच नाहीत. साडेनऊच्या सुमारास मी टपरीवर जुस्मा मावशीकडं अंडं फेटून घातलेला चहा पीत होतो. सुराऊतून मामा बाहेर आले. अंगात बनियन, कमरेला सारोंग. ते पायऱ्यांच्या तोंडाशी उभे राहिले आणि कान देऊन ऐकायला लागले.

"काय झालं, मामा?"

"आवाज गेला," ते म्हणाले.

पाऊस तर कोसळत होता. पण त्याच्या खालून चार दिवस जी नदीची घरघर येत होती ती नव्हती. आम्ही जाऊन खाली पाहिलं. मोरीचं बूच काढावं तसं पाणी उतरत होतं. जे दगड माझ्या आजीनंही पाहिले नसतील ते उघडे पडत होते, काळे, शेवाळलेले. डोहाच्या जागी चिखलाची पाच-सहा डबकी उरली आणि त्यांत पितळी पाठी तडफडू लागल्या.

मामा धावत पडवीत गेले. त्या दिवशी भोंग्यातून फू फू आलं नाही, हॅलोही नाही.

"डोहातले मासे मरतायत. बादल्या घेऊन या. सगळ्यांनी या, आत्ता या."

दुसऱ्या कुठल्या गावात असे मासे उघडे पडले असते तर लोक पिशव्या घेऊन धावले असते. चार-चार मासे कोंबून दहा मिनिटांत घरी गेले असते आणि आज जिवंत असते. आमच्या लोकांच्या मनात मासा खायचं आलंच नाही. शपथेचे मासे होते. ते वाचवायला गेले, आणि म्हणून ते खालीच थांबले.

जुस्मा मावशी टपरीच्या दारातून ओरडली, "जमारिस! पाऊस थांबलेला नाही. मग नदी गेली कुठं?"

"वर कुठंतरी अडली असंल. येईल सावकाश. आली की होऊ बाजूला."

"सावकाश येते म्हणून तुला सांगून गेलीय का?"

"जुस्माताई, बादली द्यायची नसेल तर सरळ सांगा ना."

तिनं निळी बादली त्यांच्या अंगावर फेकली. स्वतः आली नाही. गुडघा धरला होता, चाळीस पायऱ्या तिला जमत नव्हत्या. तो गुडघा अजून धरलेला आहे, पण आता ती त्याला शिव्या देत नाही.

पायऱ्यांवर माणसांची रांग लागली. खालून भरलेली बादली वर यायची, वरून रिकामी खाली जायची. सर्वांत वर, नमाजाआधी हातपाय धुवायच्या वजूच्या हौदाशी, मी उभा होतो आणि मासे हौदात ओतत होतो. पाच दिवस घरात कोंडलेले लोक. त्यांना जणू जत्राच लागली. चेष्टामस्करी चालली होती. खऱ्या दातूकांच्या हातात बादली पाहून कुणी म्हणालं, "दातूक, तुमचे भाऊबंद जरा जपून!" आई अगदी खाली, वाळूवर, मामांच्या शेजारी होती. तिचा आवाज वरपर्यंत येत होता.

"डोक्याकडनं धर रे! शेपटीकडनं नको. लहानपणापासून सांगतेय."

"ताई, तू पायरीवर जाऊन उभी राहा."

"का? मला बादली धरता येत नाही?"

"ताई, वर जा."

"तू तुझे मासे बघ."

मग दातूक, म्हणजे मासा, सापडला. तो कुठल्याच बादलीत मावेना. मामांनी सारोंग सोडली (आत अर्धी चड्डी होती, तरी बायकांनी ओरडून घेतलंच), ती ओली केली, त्यात मासा बाळासारखा गुंडाळला आणि छातीशी धरून पायऱ्या चढायला लागले. "दातूकांना वाट द्या! वाट द्या!" असा गलका झाला आणि खरे दातूकसुद्धा हसत भिंतीला टेकून उभे राहिले. सगळ्यांच्या वर मला आईचं हसू ऐकू आलं. तिला हसू आलं की आधी ठसका लागायचा. तसा ठसका लागला.

मामा माझ्यापर्यंत आले. त्यांनी मासा हौदात सोडला, सारोंग पिळली.

आधी वास आला. ओल्या मातीचा आणि नुकत्याच फाडलेल्या लाकडाचा, सुताराच्या दुकानात येतो तसा. मी वळेपर्यंत वळणावर झाडं दिसली. उभी. चालत येत असल्यासारखी. पाणी त्यांच्या मागं होतं. मामांनी हाक मारली ती भोंग्यातून नव्हती, आणि पुरीही झाली नाही.

खालून विसाव्या पायरीपर्यंतचं कुणी राहिलं नाही. सात माणसं. दातूक एकविसाव्या पायरीवर होते. त्यांच्या हातातली बादली गेली, ते राहिले.

नंतर कळलं, वर चार किलोमीटरवरच्या घळीत डोंगराचा एक कडा सुटून नदीत बसला होता. त्याला झाडं अडकली, आणि तासाभराचं पाणी त्यामागं साठलं. दोनशे चौदा मिलिमीटरचं पाणी. हे मला गणितानं काढता आलं असतं. पोरांना मी तसली गणितं घालतो.

आई तिसऱ्या दिवशी खालच्या गावाच्या भातशेतात सापडली. ओळखायला मामा गेले. ते कामही आमच्याकडं मामाचंच. परत आले, पायातला चिखल धुतला आणि एवढंच म्हणाले, "ताईच आहे."

चाळिसाव्यानंतर बाबांनी आपलं गाठोडं उचललं आणि ते त्यांच्या बहिणीच्या गावी, तिथल्या सुराऊत, राहायला गेले. रीतच आहे. मला बहीण नाही, त्यामुळं आईच्या घरात मी एकटा उरलो. संध्याकाळी मामा यायचे, पायरीवर बसायचे, आत यायचे नाहीत.

गावानं त्यांना एक शब्द बोलून दाखवला नाही. सातही घरी ते गेले. सातही घरी त्यांना चहा दिला, केळ्याची भजी दिली. ज्या पोरीचा नवरा गेला, तिनं "मामा, साखर कमी पडली का?" असं विचारलं. हे त्यांना सोसवेना. कुणीतरी चप्पल काढून मारली असती तर ते दोन घास जेवले असते.

एका संध्याकाळी ते मला म्हणाले, "बुयुंग, पोरा, तू तरी बोल. तुझी आई होती. तुला हक्क आहे."

"मामा, माझ्याकडं आकडा होता."

"आकड्याला काय कळतंय?"

"आकड्याला नाही. मला कळायला हवं होतं. सात वाजताच कळायला हवं होतं. तुम्हाला साडेनऊला कळलं."

"हाक मी मारली."

"मी तर वर उभा राहून मासे मोजत होतो. तेहेतीस."

टपरीवर दोन दोस्त "मी देतो, मी देतो" करत एकमेकांचे हात ढकलतात, तसे आम्ही दोघं त्या अंधारल्या पायरीवर बसलो होतो. शेवटी कुणीच दिलं नाही. मामा उठून गेले.

भोंगा त्यांनी सोडला. पडवी सोडता येत नव्हती म्हणून यंत्रावर एक जुनं जानमाज, म्हणजे नमाजाची चटई, टाकून ठेवलं. आता इमाम साहेब जाहीर करायचे. त्यांचं बोलणं शुद्ध आणि नेमकं, फू फू नाही, हॅलो नाही. बकरी हरवल्याचं ते असं सांगायचे की बकरीलाही आपण हरवलोय यावर विश्वास बसावा. जुस्मा मावशी त्यांना कधी ओरडून उत्तर देत नसे.

तेहेतीस मासे हौदातच राहिले. डोहात घराएवढे दगड येऊन बसले होते, सोडायचे कुठं? बैठक झाली. कुणी म्हणालं, विकू. दातूक म्हणाले, "डोह बंद करताना शपथ घेतली होती. डोह अजून उघडलेला नाही." मग लोक वजू नळावर करायला लागले आणि हौद माशांना मिळाला. मामा त्यांना दोन वेळा भात टाकायचे. मोठा मासा सवयीनं शेवटी यायचा, बाकीचे बाजूला व्हायचे. तेवढ्यात मामांची पाठ वळलेली असायची. ते त्याच्याकडं बघत नसत. तो जड नसता, बादलीत मावला असता, तर मामा ताईच्या शेजारीच उभे असते. याबद्दल त्यांनी त्या माशाला माफ केलं नव्हतं.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा बैठक झाली. ठरलं असं: रोजचा आकडा मी टपरीच्या फळ्यावर लिहायचा, नुसता कार्यालयाला पाठवायचा नाही. शंभराच्या वर गेला की दिवसभर नदीवर नजर. आणि नदी वाढो नाहीतर अचानक उतरो, भोंग्यावरून सांगायचं, की सगळ्यांनी वर शाळेत जायचं. प्रश्न एवढाच होता, की सांगायचं कुणी?

"जमारिस," तीन-चार जण एकदम म्हणाले.

मामा मागं खांबाला टेकून बसले होते. "नको," ते म्हणाले. "इमाम साहेब आहेत."

"इमाम साहेबांना नदीतलं काय कळतं? माफ करा हं, इमाम साहेब," जुस्मा मावशी म्हणाली. "जकार्ताला कुणाला झोप लागत नव्हती?"

कुणी हसलं नाही.

"माझ्या हाकेनं लोक खाली गेले," मामा म्हणाले. "आता त्याच आवाजात वर जा म्हणालो, तर कोण येईल? मी त्यांच्या जागी असतो तरी आलो नसतो. वेळ जाईल नुसता. लोक आधी एकमेकांच्या तोंडाकडं बघतील."

ठराव तसाच अर्धवट राहिला: नजर जमारिस ठेवतील, बोलायचं इमाम साहेबांनी.

नोव्हेंबर आला. फळ्यावर मी बावन्न लिहिलं, मग ऐंशी, मग एकशे सतरा. लोक चहा घेताना आकडा वाचायचे आणि डोंगराकडं बघायचे. मामा पाऊस लागल्यापासून वरच्या पायरीवर बसून होते, डोक्यावर प्लास्टिकची गोणी. मी जेवण नेऊन दिलं की तिथंच जेवायचे. तो मंगळवार होता. इमाम साहेब भावाच्या मुलीच्या बाळंतपणासाठी तालुक्याला गेले होते. आमच्या नशिबात अशा गोष्टी वेळ बघून होतात.

दुपारी दोनच्या सुमारास मी पोरांना लवकर सोडून टपरीपाशी आलो होतो. मामा उठून उभे राहिले. मान तशीच एका बाजूला कललेली. मला न विचारताच कळलं.

"उतरतेय?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली. खाली पाण्याच्या काठावर ओल्या वाळूचा एक हातभर पट्टा उघडा पडला होता. वाढत होता.

"मामा, इमाम साहेब नाहीत."

"तू बोल."

"मी बोललो तर लोकांना वाटंल, मास्तर शाळेची सुट्टी सांगतोय."

ते पडवीत गेले. यंत्रावरचं जानमाज काढलं, घडी घातली, नीट कोनाड्यात ठेवलं. मी दाराशी उभा. बटण दाबल्यावर भोंगा एकदा किंचाळला. त्यांनी तोंड जवळ नेलं आणि शब्द फुटेना. भोंग्यातून नुसता श्वास येत होता. सगळ्या गावावर एका माणसाचा श्वास. किती वेळ कोण जाणे. मामांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. ते गोणीवरचं होतं असं मी म्हणू शकतो.

मग जुन्या सवयीनं त्यांच्या तोंडून आलं, "फू. फू."

एवढंच.

मी बाहेर पाहिलं. दारं उघडत होती. बायका पोरं काखेला मारून निघाल्या होत्या, कुणी चुलीवरचं भांडं उतरवायलाही थांबलं नव्हतं. कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत नव्हतं. जिचा नवरा गेला होता ती पोरगी सासूला पाठीवर घेऊन चढत होती. मामांनी अजून काहीच सांगितलं नव्हतं. टपरीतून जुस्मा मावशी एक हात गुडघ्यावर ठेवून बाहेर आली, भोंग्याकडं तोंड केलं आणि रडत ओरडली, "येतंय! ऐकू येतंय रे!"

मग मामा बोलले. "वर जा. शाळेत जा. बादली नको, काही नको. वर जा." हेच परत परत, शेवटचा माणूस टपरीच्या वळणावरून दिसेनासा होईपर्यंत. मग आम्ही दोघं निघालो. हौदापाशी मी अडखळलो.

"मामा, मासे?"

ते थांबले. वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी त्या मोठ्या माशाकडं नीट पाहिलं. तोही वर आला होता, भाताच्या आशेनं.

"राहू दे," ते म्हणाले. "चल."

पाणी आलं. पण वर कुठं झाडं अडकून सुटली होती तेवढंच. गढूळ लोंढा, आठव्या पायरीपर्यंत आला, नवा बांबूचा पूल घेऊन गेला आणि तासाभरात उतरला. शाळेच्या व्हरांड्यातून आम्ही बघत होतो. आठवी पायरी. कुणी घरात बसून राहिलं असतं तरी काही झालं नसतं. मामा सगळ्यांपासून दूर, पावसाच्या डब्यापाशी उभे होते. लोक आता काय म्हणतील याची वाट बघत असावेत.

जुस्मा मावशी लंगडत त्यांच्यापर्यंत गेली. "पुढच्या खेपेला," ती म्हणाली, "माझा चहा उकळून झाल्यावर फूक. सगळं दूध गेलं."

त्यावर थोडेफार लोक हसले. मग दातूक म्हणाले, "जमारिस, मोज बाबा. सगळे आलेत का बघ."

आमच्याकडं घरं बायकांच्या नावानं ओळखली जातात. मामांना सगळी पाठ होती. मयताची खबर सांगून सांगून झालेली. ते वरच्या आळीपासून एकेक नाव घेत गेले. प्रत्येक नावाला व्हरांड्यातून "आहोत" असं यायचं, पाच तोंडांनी, आठ तोंडांनी. जुन्याच सवयीनं, त्याच क्रमानं, ते आमच्या आळीत आले.

"रोस्निदारच्या घरचे?"

नाव बाहेर पडल्यावर त्यांचं त्यांना कळलं. ते तसेच तोंड उघडं ठेवून उभे राहिले.

आमच्या घरचा मी एकटाच. मी हात वर केला.

"आहे, मामा."

त्यांनी मान डोलावली आणि पुढचं नाव घेतलं.